समासातले शेरे

१९८४ साली आम्ही पुण्यात नारायण पेठेत राहत होतो. समोरच्या वाड्यात, माडीवरच्या काकूंकडे एक अमेरिकन मुलगी राहायला आली. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या काही छोट्या कॉलेजांनी मिळून पुण्यात भारताच्या अभ्यासाचा एक कार्यक्रम चालवला होता. मुलं मराठी शिकायची, पुणेकरांच्या घरी राहायची आणि शेवटी एखाद्या विषयावर स्वतः हिंडून, माणसांशी बोलून लिहायची. या मुलीने मंडईतल्या भाजीवाल्या बायकांवर लिहायचं ठरवलं होतं. मी तेव्हा नुकतीच एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागले होते, म्हणून काकूंनी तिला माझ्याकडे पाठवलं. ती मला ताई म्हणायची.

त्यांच्याकडे निबंध कसा लिहितात ते मला कळावं म्हणून तिने आदल्या वर्षीचा तिचा एक निबंध आणून दाखवला. नऊ पानं, टाइप केलेली, दोन ओळींत भरपूर जागा सोडलेली. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरे. हे कशावरून म्हणतेस? इथे पुस्तकाचं मत संपून तुझं मत कुठे सुरू होतं? हा शब्द तू तीन पानांत तीन वेगळ्या अर्थांनी वापरला आहेस, कुठला अर्थ ठेवायचा ते ठरव. शेवटच्या पानाच्या पाठीमागे प्राध्यापकांनी पानभर पत्रच लिहिलं होतं, आणि त्याच्या तळाशी, शोधावी लागेल एवढ्या लहान अक्षरात, ग्रेड. तिने तो निबंध दोनदा पुन्हा लिहिला होता. तेही तिने सहज सांगितलं, जणू असंच असतं.

मी एम.ए.ला चांगल्या गुणांनी पास झाले होते. तोवरच्या शिक्षणात विद्यापीठाच्या परीक्षेत लिहिलेला एकही पेपर मला परत पाहायला मिळाला नव्हता. गुणपत्रिका मिळायची. पेपर कोण वाचतं, वाचताना त्याला काय वाटतं, कुठे तो अडखळतो, काही कळायचं नाही. त्या रात्री मी ती नऊ पानं दोनदा वाचली. निबंधापेक्षा शेरेच जास्त वाचले.

तिच्या कॉलेजचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. अमेरिका म्हणजे आमच्या लेखी हार्वर्ड, कोलंबिया, शिकागो. पण मग लक्षात आलं की इतिहासवाल्यांना चांगलं माहीत असलेलं एक नाव अशाच कॉलेजातलं आहे. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट. त्यांचा प्रबंध डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर होता आणि महाराष्ट्रात त्यांचं येणं-जाणं सतत असायचं. त्या शिकवत होत्या मिनेसोटातल्या नॉर्थफील्ड नावाच्या लहानशा गावात, कार्लटन कॉलेजात. १९६९ ते १९९७ त्या तिथेच होत्या. जिथे पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत, मोठ्या प्रयोगशाळा नाहीत, अशा ठिकाणी बसून एक बाई अठरा-वीस वर्षांच्या मुलांना महाराष्ट्र शिकवत होत्या. लिबरल आर्ट्स कॉलेज हा शब्द मला तेव्हा कळला. पदवीपुरतंच शिक्षण, दीड-दोन हजार विद्यार्थी, आणि प्राध्यापकाचं मुख्य काम शिकवणं.

हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण निवृत्तीनंतर मी जे काम करते त्याची मुळं त्या नऊ पानांत आहेत. २०११ मध्ये निवृत्त झाले. त्याच सुमारास ओळखीतल्या एका मुलाला इतिहास शिकायला अशा कॉलेजात जायचं होतं, त्याला मदत केली. मग त्याच्या मैत्रिणीला केली. बघता बघता दर वर्षी सहा-सात मुलं यायला लागली. पुण्यातली, नाशिकची, सोलापूर-साताऱ्याकडची. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, धर्माभ्यास, प्राचीन भाषा असं काही शिकायचं म्हणणारी. कुठलं कॉलेज, हा प्रश्न घेऊन ती येतात. मी त्यांच्याशी कुठला विभाग, यावर बोलते. कॉलेजची क्रमवारी सगळ्या कॉलेजची असते. मुलाची चार वर्षं जातात ती एका मजल्यावरच्या पाच-सहा खोल्यांत. त्या खोल्यांत कोण बसतं, हे क्रमवारी सांगत नाही.

हे मी शिकले ते एका मुलीचं नुकसान करून.

ती सोलापूरची. २०१३ मध्ये आली. तत्त्वज्ञान शिकायचं, हे तिचं दहावीपासून ठरलेलं. एका कॉलेजने तिला जवळजवळ सगळा खर्च देऊ केला. मी त्यांचा कॅटलॉग पाहिला. तत्त्वज्ञानाचे तीसच्या वर अभ्यासक्रम, प्लेटोपासून भाषेच्या तत्त्वज्ञानापर्यंत. पाच प्राध्यापक, पाचही मोठ्या विद्यापीठांतून पीएच.डी. केलेले. मी तिच्या वडिलांना सांगितलं, निर्धास्त पाठवा.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिचा फोन आला. ‘‘मॅडम, या सत्रात तत्त्वज्ञानाचे दोनच वर्ग आहेत. एक मी केलाय. दुसराही पहिल्या वर्षाचाच आहे.’’ मग एकेक गोष्ट कळत गेली. त्या पाचांतले दोघं निवृत्त झालेले, मानाने नाव ठेवलेलं. एक जण डीनच्या खुर्चीत, शिकवणं जवळपास बंद. एक वर्षभराच्या अभ्यासरजेवर. उरलेले एक तरुण गृहस्थ, एका वर्षाच्या करारावर आलेले, आणि पुढच्या वर्षीची नोकरी शोधण्यात गुंतलेले. तीस अभ्यासक्रम छापलेले होते, शिकवले जात नव्हते. कॉलेज बदलावं तर अशी मदत बरोबर नेता येत नाही. तिने राज्यशास्त्रात पदवी घेतली. तिच्या वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पदवी झाल्यावर पेढे घेऊन आले. ते पेढे माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

ही माहिती कुणी लपवलेली नव्हती. मीच ती नीट पाहिली नव्हती. त्या वर्षीपासून मी काम करण्याची पद्धत बदलली.

कॅटलॉग म्हणजे हॉटेलातलं भिंतीवरचं दरपत्रक. आज चुलीवर काय आहे ते आत डोकावल्याशिवाय कळत नाही. आत डोकावायचं म्हणजे सत्राचं वेळापत्रक पाहायचं. बहुतेक कॉलेजांची वेळापत्रकं नेटवर उघडी असतात, मागच्या दोन-तीन वर्षांचीही. मी चार सत्रांची छापून घेते आणि जेवणाच्या टेबलावर कॅटलॉगशेजारी पसरते. पट्टी घ्यायची, लाल पेन्सिल घ्यायची, आणि जो अभ्यासक्रम चार सत्रांत एकदा तरी खरोखर शिकवला गेला त्यावर खूण करायची. कंटाळवाणं काम आहे. एका विभागाला दुपार जाते. पण शेवटी पान हातात धरलं की विभाग दिसतो. एका नावाजलेल्या कॉलेजच्या धर्माभ्यास विभागात चाळीसपैकी तेवीसांवर खुणा झाल्या, आणि त्या तेवीसांत तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे आठ होते. तो भरलेला विभाग. दुसऱ्या एकात खुणा खूप झाल्या, पण जवळजवळ सगळ्या पहिल्या वर्षाच्या ओळख-अभ्यासक्रमांवर. म्हणजे विभाग बाकीच्या मुलांची मानव्यविद्येची सक्तीची अट पुरी करून देण्यात खपतोय. ज्याला त्या विषयात खोल जायचंय त्याला शिडीच्या दोनच पायऱ्या आहेत.

आणखी एक गोष्ट पट्टी लावल्यावरच दिसते. एकच वर्ग तीन विभागांच्या नावाखाली छापलेला असतो. इतिहासात तोच, आशिया-अभ्यासात तोच, धर्माभ्यासातही तोच. त्यात खोट काही नाही, उलट असे वर्ग बरेचदा सुंदर असतात. पण मोजताना तो एकदाच मोजायचा.

मुलं कमी म्हणजे विभाग दुबळा, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. अमेरिकेत दर वर्षी कुठल्या कॉलेजातून कुठल्या विषयात किती जणांना पदवी मिळाली ते सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. ग्रीक-लॅटिनच्या विभागात वर्षाला चार पदवीधर, असा आकडा दिसला की पालक दचकतात. पण ग्रीक-लॅटिनला चार ही चांगली संख्या आहे, शिकवणारे तीन असतील आणि चौघांनीही शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिला असेल तर. आकड्यापेक्षा मी त्याची चाल पाहते. दहा वर्षांपूर्वी किती होते, आज किती आहेत? आणि त्याहून महत्त्वाचं, या दहा वर्षांत कोण निवृत्त झालं आणि त्याच्या जागी कोण आलं? अमेरिकेत मानव्यविद्यांचे दिवस चांगले नाहीत. तिथल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीत २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या वर्गांतली नोंदणी १६.६ टक्क्यांनी घटलेली दिसली. अशा वेळी कॉलेज आपल्या विभागाबद्दल काय म्हणतं याला अर्थ नाही. जर्मनचा प्राध्यापक निवृत्त झाल्यावर त्याची जागा कायमची भरली, की वर्षावर्षाच्या करारावर ढकलली, यातून त्या कॉलेजच्या मनात काय आहे ते कळतं.

हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरली गेली नाही. माझे तास तासिका तत्त्वावर दोन तरुण मुलांना वाटून दिले. दोघंही सेट-नेट झालेले, हुशार, कळकळीचे. एक जण सकाळी आमच्या कॉलेजात, दुपारी तिसऱ्याच गावात शिकवायचा. विद्यार्थ्याने लिहिलेलं तो कधी वाचणार? एस.टी.त? तो वाईट शिक्षक नव्हता. त्याला शिक्षक होण्याइतका वेळ कुणी दिला नव्हता. अमेरिकेतल्या कॉलेजच्या पानावर प्राध्यापकाच्या नावापुढे व्हिजिटिंग हा शब्द दिसला की मला तो मुलगा आठवतो. असे व्हिजिटिंग कित्येकदा विभागातले सगळ्यांत उत्साही शिक्षक असतात. मुलाने पहिल्या वर्षी त्यांच्याकडून शिकावं, जरूर शिकावं. पण चौथ्या वर्षी प्रबंधाला मार्गदर्शन करायला, पुढे शिफारसपत्र लिहायला ते तिथे असतील हे गृहीत धरू नये. विभागात निम्म्याहून जास्त नावं अशी असतील तर मी त्या कॉलेजवर काट मारते.

नावांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मोठ्या नावांनी मीही भारावते. ओहायोतल्या केनियन कॉलेजात १९३७ साली कवी-समीक्षक जॉन क्रो रॅन्सम आले. त्यांच्यापाशी शिकायला म्हणून रॉबर्ट लोएल हा तरुण हार्वर्ड सोडून त्या आडगावी आला. १९३९ मध्ये रॅन्समनी ‘केनियन रिव्ह्यू’ सुरू केला आणि अमेरिकन साहित्यविचाराचा एक मोठा प्रवाह त्या लहान कॉलेजातून वाहू लागला. आजही साहित्य शिकू पाहणारं मूल केनियनचं नाव घेतं. ते घ्यावंही. पण रॅन्सम १९५८ मध्ये निवृत्त झाले. विभागाची कीर्ती त्याच्या माणसांपेक्षा जास्त जगते, चाळीस-पन्नास वर्षंही. म्हणून आजच्या मुलासाठी केनियनचा विभाग तपासायचा तर आजचं वेळापत्रक घेऊन, दुसऱ्या कुठल्याही विभागासारखाच तपासायचा. आपल्याकडेही अमुक कॉलेजचं मराठी, तमुक कॉलेजचं संस्कृत असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तीस वर्षांपूर्वीच्या कुणा सरांबद्दल बोलत असतो.

याच्या उलट एक उदाहरण मी मुलांना नेहमी सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यमस्टाउन नावाचं डोंगरातलं लहान गाव आहे. तिथल्या विल्यम्स कॉलेजात विसाव्या शतकाच्या मधल्या काळात कलेचा इतिहास शिकवणारे तीन प्राध्यापक होते, लेन फेसन, व्हिटनी स्टॉडर्ड आणि विल्यम पिअरसन. १९५५ मध्ये गावात क्लार्क कला संग्रहालय उघडलं, त्याने बळ मिळालं. या कॉलेजातून शिकलेली मुलं पुढे न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, गुगेनहाइम, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, लॉस एंजेलिसचं संग्रहालय अशा संस्थांचे संचालक झाली. ग्लेन लाउरी, टॉमस क्रेन्स, अर्ल पॉवेल, मायकेल गोव्हन. एका लहान कॉलेजातून हे इतके कसे निघाले, असं लोक अजून विचारतात. त्या तिघांच्या पुस्तकांची यादी पाहून याचं उत्तर मिळत नाही. तिघं एकत्र, दशकानुदशकं, त्याच गावात राहून पदवीच्या मुलांना चित्रासमोर उभं करून पाहायला शिकवत होते. दहा जणांच्या विभागापेक्षा तिघांचा विभाग बलवान असू शकतो, ते तिघं एकमेकांशी बोलत असले तर.

पण एकमेकांशी बोलतात की नाही, हे सात समुद्रांपलीकडून ओळखायचं कसं?

काही कॉलेजांनी ते ओळखण्याची सोय करून ठेवली आहे. स्वार्थमोर कॉलेजात १९२२ पासून ऑनर्सची एक रीत आहे. फ्रँक आयडेलॉट नावाचे अध्यक्ष होते, ऑक्सफर्डमध्ये शिकून आलेले, त्यांनी ती सुरू केली. शेवटच्या वर्षी या मुलांची परीक्षा त्यांचे प्राध्यापक घेत नाहीत. दुसऱ्या विद्यापीठांतले अभ्यासक येतात, ते लेखी पेपर काढतात, तोंडी परीक्षा घेतात आणि ऑनर्स कुठल्या दर्जाचा ते ठरवतात. म्हणजे दर वर्षी विभाग आपली मुलं परक्याच्या पुढ्यात उभी करतो. त्या खोलीत विद्यार्थ्याबरोबर विभागाचीही परीक्षा असते. रीड कॉलेजात प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो आणि त्याची तोंडी परीक्षा द्यावी लागते. ते सगळे प्रबंध ग्रंथालयाच्या मनोऱ्यात ठेवलेले आहेत. वूस्टर कॉलेजातही शेवटच्या वर्षी प्रत्येकजण स्वतंत्र अभ्यास लिहितो आणि सुपूर्त करतो तेव्हा कॉलेज त्याच्या हातावर एक चॉकलेटची गोळी ठेवते. ती गोळी न खाता वर्षानुवर्षं जपून ठेवणारी माणसं आहेत.

जिथे अशी सार्वत्रिक रीत नाही तिथे मी विभागाच्या ऑनर्स-प्रबंधांची यादी शोधते. काही ग्रंथालयं ती खुली ठेवतात. नुसती शीर्षकं वाचली तरी खूप कळतं. अमुक आणि आधुनिकता, तमुक आणि अस्मिता अशी ढगळ शीर्षकं एकामागून एक आली तर मुलांना विषय आवळायला कुणी लावलेलं नाही. एका गिरणीचे हजेरीपट, एका कादंबरीची दोन भाषांतरं, एका देवळाच्या हिशोबाच्या वह्या, अशा गोष्टींवर एकवीस वर्षांचं मूल लिहीत असेल तर त्याच्या शेजारी कुणीतरी बसलं आहे. ते कुणीतरी मला हवं असतं.

आणि मग फोन. पुण्याची रात्र, तिथली सकाळ. हिवाळ्यात पूर्व किनाऱ्याशी साडेदहा तासांचा फरक पडतो, म्हणून मी रात्री नऊनंतर बसते. प्रवेश-कचेरीने गाठ घालून दिलेल्या विद्यार्थ्याशी नव्हे. तो चांगलंच बोलणार, त्याचं कामच ते. मी त्या विभागातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला शोधते, ओळखीतून, जुन्या विद्यार्थ्यांतून. विभाग कसा आहे, असं कधीच विचारत नाही. एवढंच विचारते, की शेवटचा तुझा कुठला निबंध परत आला आणि त्यावर काय लिहिलं होतं?

काही मुलं म्हणतात, ए मिळाला. मी म्हणते, ते ठीक, पण लिहिलं काय होतं? मग थोडं थांबून, छान झालाय असं लिहिलं होतं. आणि काही मुलं सुरू होतात ती थांबतच नाहीत. एक मुलगी मला पंधरा मिनिटं सांगत होती, की तिच्या बाईंनी तिच्या पहिल्याच वाक्याखाली रेघ मारून, हे वाक्य कुणाच्याही निबंधाला चालेल, असं लिहिलं, तिला राग आला, ती त्यांच्या खोलीत गेली, दोघी तासभर भांडल्या आणि तिने निबंध पुन्हा लिहिला. तिच्या आवाजात अजून राग होता. मी माझ्या वहीत त्या विभागापुढे दोन खुणा केल्या.

एकदा नाशिकच्या एका मुलाने संस्कृतच्या ओढीने ओहायोतल्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. चार दिवसांत दीड पानाचं उत्तर आलं. आमच्याकडे संस्कृत शिकवायला कुणी नाही, मी शिकवतो ते भाषांतरातून, तुझा जीव मूळ ग्रंथांत असेल तर तू इथे येऊ नकोस, असं त्यांनी सरळ लिहिलं होतं आणि कुठे पाहावं तेही सुचवलं होतं. मुलगा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, दुसऱ्या कुणासाठी हा विभाग मी लक्षात ठेवणार आहे. आपल्याकडे काय नाही हे ज्यांना ठाऊक असतं, त्यांना काय आहे हेही ठाऊक असतं. दोन वर्षांनी धर्माभ्यासाकडे ओढा असलेली एक मुलगी त्यांच्याकडे गेली आणि चार वर्षं आनंदात राहिली.

कधी लहान विभागाची उणीव शेजार भरून काढतो. ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर यांच्यात मुलांना एकमेकांकडे वर्ग घेता येतात. ॲमहर्स्टच्या परिसरातल्या कॉलेजांचं आणि तिथल्या विद्यापीठाचंही तसंच, मध्ये बस धावते. तिथे शेजारच्या कॉलेजचं वेळापत्रकही टेबलावर घ्यावं लागतं. पण बसने जाऊन वर्ग करता येतो, प्रबंधाला कुणाचं तरी दार जवळ असावं लागतं, हे मुलांना सांगते.

पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. मॅडम, स्कोप काय? मी या प्रश्नाला हसत नाही. वर्षाचा छापील खर्च आता ऐंशी हजार डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि तो पूर्ण भरून मानव्यविद्या शिकायला जावं असं मी कुठल्याही नोकरदार घराला सांगणार नाही. कॉलेजने पुरेशी मदत दिली तरच. मग मी त्यांना खरं ते सांगते. तिथे मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा नसतो, इतिहासाबरोबर संगणकशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेता येतं, आणि लिहिलेलं चार वर्षं कुणीतरी बारकाईने तपासून परत केलेलं मूल पुढे वकिलीत, पत्रकारितेत, कंपनीत कुठेही गेलं तरी त्याचा विचार सैल नसतो. एवढ्यावर काहींचं समाधान होतं, काहींचं होत नाही. न झालेल्यांचा मला राग येत नाही.

२०२२ च्या डिसेंबरात साताऱ्याकडची एक मुलगी सुट्टीला घरी आली होती. पहिलं वर्ष, पहिलं सत्र. तिची आई अंगणवाडीत काम करते. दोघी मला भेटायला पुण्याला आल्या. आईने येताना कंदी पेढे आणले होते. मी मुलीला म्हटलं, निबंध आणलास का? तिने पाठपिशवीतून काढला. सात पानं, छापील. समासात निळ्या पेनाने लिहिलेलं, काही ठिकाणी बाण काढून दुसऱ्या पानावर नेलेलं, एका परिच्छेदाला चौकट करून बाजूला फक्त प्रश्नचिन्ह. माझं वाचून झाल्यावर तिच्या आईने हात पुढे केला.

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या पान उलटत होत्या आणि समासावरून बोट फिरवत होत्या, छापलेलं कुठे संपतं आणि हाताने लिहिलेलं कुठे सुरू होतं ते बघत.

‘‘एवढं कोणी लिहिलंय गं?’’

‘‘आमच्या सरांनी, आई.’’

‘‘चुका काढल्यात?’’

‘‘चुका नाही गं. प्रश्न विचारलेत.’’

त्यांनी शेवटचं पान उलटून मागे पाहिलं. तिथेही लिहिलेलं होतं, अर्धं पान. मग त्यांनी विचारलं, ‘‘सगळ्यांच्याच पेपरावर लिहितात एवढं? का तुझ्याच?’’

इतक्या वर्षांत, इतक्या फोनांवर, हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता. मीही मुलीकडे पाहिलं.

‘‘सगळ्यांच्या,’’ ती म्हणाली. ‘‘वर्गात आम्ही अकरा जण आहोत.’’